तांबडी रेघ उजवीकडे

आमच्या मॅडमच्या छत्रीच्या दांड्यावर दोन उभ्या रेघा होत्या, शेजारीशेजारी, एक तांबडी आणि एक काळी. तशाच त्यांच्या थर्मासवर होत्या, पावडरच्या डब्यावर होत्या, आणि एकदा मंडईतून आणलेल्या पडवळावरही मी त्या पाहिल्या. वस्तू समोर उभी धरायची. तांबडी रेघ उजवीकडे आली की वस्तू सुलटी, डावीकडे आली की उलटी. पडवळाला देठ असतो, त्याचं वर-खाली कुणालाही कळतं, असं मी बोलून पाहिलं. मॅडमनी शांतपणे पडवळाची दोन्ही टोकं कापली, मधला तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता सांगा." रेघा पाहिल्याशिवाय मला सांगता आलं नाही. त्यांनी तुकडा परत घेतला आणि भाजी चिरायला लागल्या.

ही खोड धंद्यातून आलेली होती. मॅडम डोंगराच्या पोटातला दाब मोजत. जमिनीखाली बोगदा किंवा वीजघर खोदायचं असलं की आधी पोकळ बरम्याने खोलवरून दगडाचा लांब गोल दांडा कापून काढतात. त्याला कोअर म्हणतात. हे कोअर लाकडी पेट्यांतून आमच्याकडे कोथरूडला येत आणि मॅडम त्यांच्यावरून सांगत, की तिथे खाली डोंगर कोणत्या दिशेने जास्त दाबतो आहे. बरम्यातच एक टोकदार दात असे, तो दगडाच्या उत्तरेच्या बाजूला बारीक खाच पाडत असे. पण दांडा दोन्ही टोकांनी सारखाच. त्याचं वरचं टोक कुठलं ते एकदा विसरलं की पुढची सगळी मेहनत पाण्यात. म्हणून दगड नळीतून बाहेर पडला रे पडला, की तिथेच, धुळीत बसून, मॅडम स्वतःच्या हाताने त्याच्यावर दोन रेघा मारत. हे काम त्यांनी कधी कुणाला करू दिलं नाही.

मी त्यांच्याकडे नोकरीला लागलो ती नव्वदीतली मधली वर्षं. मी नारायण पेठेतला, भूशास्त्रातला एम.एस्सी. माझ्याबरोबरची मुलं दगडांवर पाणी सोडून कॉम्प्युटर शिकत होती आणि विमानात बसत होती. आमचे वडील रोज सकाळी पेपरातली कॉम्प्युटर क्लासची जाहिरात वर येईल अशी घडी घालून पेपर माझ्या ताटाशेजारी ठेवत. तोंडाने काही म्हणत नसत. अशा दिवसांत कोथरूडच्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर मुलाखतीला गेलो. समोर पांढऱ्या सुती साडीतल्या, आखूड केसांच्या, पन्नाशीच्या बाई. त्यांनी काळ्या दगडाचा एक गोल तुकडा पुढे सरकवला आणि विचारलं, "वरची बाजू कुठली?"

मी तो फिरवून पाहिला, नखाने खरवडला, आमच्या विषयातली माणसं करतात तसा जिभेलाही लावला. शेवटी म्हटलं, "यावरून सांगता येणार नाही."

"उद्यापासून या," त्या म्हणाल्या. माझ्या आधी आलेल्या सगळ्यांनी म्हणे ठामपणे उत्तर दिलं होतं.

माझं नाव त्यांनी कधी वापरलं नाही. मी 'एम.एस्सी.' झालो तो कायमचा. "अहो एम.एस्सी., तुमच्या घरी सांडशी असेल ना? मग तिला जसं धरता तसं या यंत्राला धरू नका." रागावणं म्हणजे इतकंच. आवाज चढलेला मी ऐकला नाही. तो चढला असता तर बरं वाटलं असतं, असे प्रसंग मात्र पुष्कळ आले.

दाब मोजायची त्यांची रीत अशी. दगडाने डोंगरात असताना जेवढा दाब सोसलेला असतो, तेवढा त्याला पुन्हा दिला तर तो गप्प राहतो. त्याच्या पुढे गेलं, की आतल्या आत केसासारख्या चिरा पडायला लागतात आणि दगड कुरकुरतो. तो आवाज नुसत्या कानाला ऐकू येत नाही. तुकड्याला चिकटवलेल्या चकतीतून तो यंत्रात जातो. कोअरमधून वेगवेगळ्या दिशांचे बोटभर तुकडे कापायचे आणि एकेक यंत्रात दाबायचा. जो तुकडा सर्वांत उशिरा बोलेल, त्याच्या दिशेला डोंगराचा दाब सर्वांत जास्त. यंत्र सगळं कागदावर उमटवत असे. तरी मॅडम कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून बसत, आणि मधूनच एक बोट वर करून म्हणत, "बोलला." त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे ते मी पुढे पगारवाढीच्या दिवशीही कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

या कामाला शांतता लागते. रस्त्यावरून टेम्पो गेला तरी यंत्राला तो दगडच बोलला असं वाटायचं. म्हणून आमच्या चाचण्या दुपारी, जेवणं झाल्यावर. तेव्हा कोथरूड झोपत असे. दुकानांची शटर खाली, रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावलीत आडवं. पुण्याच्या वामकुक्षीचा शास्त्राला झालेला हा एवढा एकच उपयोग, असं मॅडम म्हणत. गणपतीत मात्र दुपारचाही भरवसा नसे, म्हणून ते दिवस प्रयोगशाळा बंद. सुट्टी आवाजाला आहे, गणपतीला नाही, हे त्या दरवर्षी न चुकता स्पष्ट करत. चौदा एप्रिलला मात्र सुट्टी असे ती सुट्टी म्हणूनच. आदल्या दिवशी त्या स्वतः टेबल पुसत, त्यावरच्या बाबासाहेबांच्या फोटोची काच लखलखीत करत आणि आम्हाला पेढे देत.

त्यांचे वडील रेल्वेत रूळ तपासायचे. छप्पनच्या दीक्षेला ते नागपूरला गेले होते, आणि परत आल्यावर त्यांनी मुलीला शाळेत घातलं, एवढं त्यांनी मला एकदा सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. पुढे मॅडम सरकारी संशोधन खात्यात पुष्कळ वर्षं होत्या, तिथून मुदतीआधी बाहेर पडून त्यांनी हे स्वतःचं सुरू केलं. का बाहेर पडलात, असं विचारायची माझी छाती नव्हती. पण एकदा मी एका चाचणीचा तुकडा चुकीच्या खोक्यात ठेवला. त्यांनी तो उचलून जागेवर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "एम.एस्सी., तुमची चूक झाली तर लोक म्हणतील, चुकलं. माझी झाली तर म्हणतील, आम्ही आधीच म्हणत होतो."

एवढंच. मग त्यांनी हेडफोन लावला. मला त्या दिवशी कळलं, की पडवळावरच्या रेघा ही गंमत नाही. या बाईंकडे विकण्यासारखी गोष्ट एकच होती, त्यांनी सांगितलेली दिशा. ती एकदा तरी चुकावी म्हणून टपून बसलेली माणसं कमी नव्हती.

वरच्या मजल्यावर त्याच सुमारास एक कॉम्प्युटर क्लास आला. जिन्याशी स्कूटरींची रांग लागायला लागली. क्लास चालवणाऱ्या तरुणाला मॅडमनी खाली बोलावलं, त्याला हेडफोन लावला आणि बाहेर मला स्कूटर सुरू करायला सांगितली. त्याने दचकून हेडफोन काढला. दुसऱ्या दिवसापासून त्याची मुलं दुपारी स्कूटरी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेत आणि तिथे किक मारत. तो तरुण पुढे त्यांचा भक्तच झाला. आमच्या वडिलांचा त्याच्यावर फार विश्वास बसला होता. मी चुकीच्या मजल्यावर नोकरी करतो असं त्यांचं म्हणणं होतं.

मग घाटातल्या वीजघराचं काम आलं. डोंगराच्या पोटात एक प्रचंड लांब दालन कोरायचं होतं. ते कोणत्या दिशेला लांब ठेवायचं एवढाच प्रश्न. त्यासाठी मॅडमकडे काडेपेटीचा प्रयोग होता. पेटीतला ट्रे काढून टाकायचा, नुसतं रिकामं टरफल घ्यायचं. दोन टोकांकडून दाबलं तर ते टिकतं. लांब बाजूंवर दाबलं की चपटं होतं. दालनाचंही तसंच. डोंगराचा जोर ज्या दिशेला, त्याच दिशेला दालन लांब ठेवायचं. आडवं ठेवलं तर लांब भिंतींवर सगळा जोर येतो, भिंती कुरकुरतात, मग दगडाचे पापुद्रे सुटतात, आणि खाली माणसं काम करत असतात. मॅडमनी हा प्रयोग मोठमोठ्या साहेबांच्या टेबलावर केला होता, आणि प्रत्येक वेळी चेपलेली काडेपेटी साहेबांनाच ठेवून घ्यायला सांगितली होती.

त्या साइटवर ड्रिलिंगचं नवं मशीन आलेलं होतं. ते चालवणारा फोरमन लोणी काळभोरचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. मॅडम नेहमीप्रमाणे धुळीत बसल्या, दगड बाहेर आला, त्यांनी रेघा मारल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून तो आम्ही जीपमधून मांडीवर घेऊन कोथरूडला आणला, कारण बाहेर फार दिवस राहिला तर दगड सोसलेलं विसरायला लागतो. चाचण्या छान झाल्या. दाब ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे, असा अहवाल गेला. तिथल्या मंडळींनी आधी दालन वेगळ्याच दिशेला आखलं होतं. मुंबईच्या एका सल्लागाराने कॉम्प्युटरवर रंगीत चित्रंही काढून दिली होती. मॅडमनी त्या चित्रांबद्दल भर बैठकीत विचारलं होतं, की हे रंग दगडाला विचारून भरले आहेत का. मुख्य अभियंत्यांनी नकाशा मॅडमच्या शब्दावर फिरवला. दालनाकडे जाणारा बोगदा खोदायला सुरुवात झाली.

एका दुपारी कॉलेजची काही मुलं प्रयोगशाळा पाहायला आली होती. मॅडम अशा वेळी खुलत. आपला सगळा दगड हा थिजलेला लाव्हारस, हे सांगताना त्यांनी टेबलावरचा एक तुकडा उचलला. घाटातल्या त्याच कोअरचं उरलेलं टोक होतं ते. चाचणीला निरुपयोगी, कारण त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या होत्या. म्हणून त्याचा पेपरवेट झाला होता. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपतं आणि पांढरं खनिज तळाशी बसतं, असं त्या सांगत होत्या. काही पोकळ्या अर्ध्याच भरतात. मग त्या पांढऱ्या थराचा पृष्ठभाग सपाट असतो, वाटीत दही लागावं तसा, आणि त्यावरून दगड मुळात कसा होता ते कळतं. "बघा," असं म्हणून त्यांनी तांबडी रेघ उजवीकडे येईल असा तुकडा उभा धरला.

पांढरा थर पोकळीच्या छताला होता.

मॅडम थांबल्या. मुलांना वाटलं त्या शब्द आठवताहेत. एकाने तर मदत म्हणून इंग्रजी शब्द सुचवला. मी भिंतीशी उभा होतो. दही वाटीच्या तळाऐवजी वरच्या बाजूला लागावं, असं कोणत्याही लाव्ह्यात होत नाही. दगड सुलटा धरलेला नव्हता. रेघा उलट्या मारल्या गेल्या होत्या.

"आज इतकंच," मॅडम म्हणाल्या. मुलं गेली.

आम्ही त्या कोअरच्या सगळ्या पेट्या उघडल्या. प्रत्येक तुकड्यात, जिथे जिथे अर्धी भरलेली पोकळी होती तिथे, पांढरं वर होतं. मॅडमनी लोणी काळभोरला फोन लावला. फोरमनच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन होता, त्याला बोलावून आणेपर्यंत त्या रिसीव्हर कानाला धरून उभ्याच राहिल्या. मग एकच प्रश्न विचारला, नव्या मशीनच्या नळीतून दगडाचं कुठलं टोक आधी बाहेर पडतं.

"वरलं टोक आधी, मॅडम," पलीकडून मोठ्याने उत्तर आलं. मलाही ऐकू आलं. "जुन्या मशिनीत खालचं यायचं. ही मागनं ढकलती. का वो, काय झालं?"

"काही नाही. तुमचं काम चोख आहे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आयुष्यभर दगडाचं खालचं टोक आधी हातात येत आलं होतं, आणि हाताने सवयीने रेघा मारल्या होत्या. कोअर उलटा झाला की उत्तरेची खाच उत्तरेलाच राहते, पण पूर्वेचं पश्चिमेला जातं. म्हणजे दाब ईशान्येचा नव्हता, वायव्येचा होता. दालन नेमकं त्या दाबाला आडवं आखलं गेलं होतं. आमच्या अहवालामुळे.

मी म्हटलं, सुधारित अहवाल पाठवू. त्यात 'पुनर्विचाराअंती' असं घालू. सरकारी कागदात ते खपून जातं. मॅडम म्हणाल्या, "पुनर्विचार कुठे केलाय? दगड उलटा धरला. तेच सांगायचं. आणि कागदाने नाही, जाऊन." मी म्हटलं, लोक काय म्हणतील ते तुम्हाला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "तुमच्याआधीपासून माहीत आहे. भिंतीखाली उभ्या राहणाऱ्यांना माहीत नाही."

कॅम्पातल्या सरकारी कचेरीत बैठक झाली. लांब टेबल, मुख्य अभियंता, त्यांचे हाताखालचे, मुंबईचा सल्लागार. मॅडम बसल्या नाहीत. पर्समधून तो तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा दगड मी उलटा धरला. रेघा माझ्या हाताच्या आहेत. दाब ईशान्येचा नाही, वायव्येचा आहे. दालन फिरवावं लागेल."

पंखा फिरत होता. मग टेबलाच्या टोकाशी बसलेले एक गृहस्थ, मॅडमच्या जुन्या खात्यातलेच, शेजाऱ्याकडे वळून पुटपुटले, "आम्ही आधीच..." आणि थांबले.

"वाक्य पूर्ण करा," मॅडम म्हणाल्या. "मी ऐकायलाच आले आहे."

त्या गृहस्थांनी चष्मा पुसायला घेतला. मुख्य अभियंत्यांनी विचारलं, "या वेळी खात्री आहे तुम्हाला?"

"गेल्या वेळीही होती. म्हणून दगड आणलाय. माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुम्हीच बघा."

त्यांनी पांढरा थर, वाटी आणि दही पुन्हा एकदा समजावलं, मुलांना सांगत होत्या तितक्याच शांतपणे. तुकडा टेबलाभोवती हातोहात फिरला. मुंबईच्या सल्लागाराने तो सर्वांत जास्त वेळ धरला, उलटा केला, सुलटा केला, आणि पुढच्याकडे दिला. रंगीत चित्रांची आठवण त्याने काढली नाही, हे मी त्याच्या खात्यावर अजून जमा धरतो. शेवटी मुख्य अभियंत्यांनी नकाशा ओढला आणि त्यावर पेन्सिलीने वायव्येची रेघ मारली. जाताना मॅडमना म्हणाले, "दगड उलटा धरल्याचं न सांगता चाललं असतं." मॅडम म्हणाल्या, "चाललं असतं. मला नाही."

मला त्या दिवशी त्यांचा इतका अभिमान वाटला, की रिक्षात मी मूर्खासारखं तसं बोलूनही गेलो. त्या म्हणाल्या, "अभिमान कसला? चूक केलीय मी." आणि कोथरूड येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या.

त्यानंतर त्या कचेरीतून काम आलं नाही. इतर ठिकाणांहूनही येईनासं झालं. कुणी वाईट बोललं नाही, पत्रं सगळी आदबीची असत. दुपारची शांतताही हळूहळू गेली. आजूबाजूचे बंगले पाडून इमारती उठायला लागल्या, सोसायट्यांच्या बोअर खणणाऱ्या गाड्या भर दुपारी घणघणायला लागल्या. यंत्रात ठेवलेला दगड बोलला की शेजारचा प्लॉट, हे समजेना. एक दिवस मॅडमनी यंत्र लोणी काळभोरच्या एका कॉलेजला देऊन टाकलं. मी वरच्या मजल्यावर गेलो, मग एका सॉफ्टवेअर कंपनीत. तिथे माझं काम प्रोग्रॅमवर भार टाकत जायचं आणि तो कधी कोलमडतो ते पाहायचं, हे ऐकून मॅडम म्हणाल्या, "म्हणजे नोकरी बदललीत कुठे?" वडिलांना मात्र ती बदललेली वाटली आणि ते निश्चिंत झाले.

मी अधूनमधून मॅडमच्या फ्लॅटवर जात असे. तो तुकडा त्यांच्या खिडकीत होता, तांबडी आणि काळी रेघ तशीच, चुकीची. एकदा मी सहज म्हटलं, की स्पिरिटने पुसून नीट मारून देतो. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "सही आहे माझी."

पुष्कळ वर्षांनी कंपनीतल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने मला ते वीजघर आतून पाहायला मिळालं. बोगद्यातून गाडी आत जाते आणि एकदम ते दालन समोर येतं. मान वर करूनही छत नीट दिसत नाही. आम्हाला दाखवणारा तरुण इंजिनिअर म्हणाला, की दालनाची दिशा कॉम्प्युटरवर ठरवली होती. सगळे पुढे गेल्यावर लांब भिंतीला तळहात लावून मी उभा राहिलो. भिंतीवर कुठे पापुद्रा नव्हता, डागडुजी नव्हती.

दुसऱ्याच दिवशी मॅडमकडे गेलो. त्या आता थकल्या होत्या. ऐकूही कमी येत होतं. कॉम्प्युटरचं सांगितल्यावर हसल्या. मग खुर्चीत जरा पुढे झुकल्या आणि त्यांनी विचारलं, "आत आवाज?"

"मशीनचा तेवढा."

"भिंतींचं विचारतेय मी."

"भिंती गप्प आहेत, मॅडम," मी मोठ्याने सांगितलं. "अगदी गप्प."

त्यांनी मान हलवली. चहा ठेवते म्हणाल्या, आणि भिंतीला धरत आत गेल्या. मी बाहेर बसून होतो. आतून पाण्याचा, भांड्यांचा, कसलाच आवाज येईना; दारातून दिसलं, त्या भिंतीला तळहात लावून, डोळे मिटून उभ्या होत्या. मीही हाक मारली नाही.